सोलापूरच्या हवेत सहा जुन्या बाटल्या: रिओहापासून मदेरापर्यंत

सोलापुरात राहून जुन्या युरोपियन वाईनची हौस करायची असेल तर बाटलीवरचं साल वाचण्याआधी आपल्या मे महिन्याचा विचार करावा. पारा ४३च्या घरात जातो, नेमकी दुपारी लाईट जाते, आणि १२-१३ अंशांच्या अंधाऱ्या तळघरात आडवी पडून वीस वर्षं काढलेली बाटली आपल्या कपाटात एका उन्हाळ्यात खलास होते. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच उठलं तरी चालेल. आपल्या गावाला फोर्टिफाइड वाईन मानवते, म्हणजे द्राक्षापासूनच गाळलेलं कडक मद्य मिसळून अल्कोहोल साधारण १७ ते २२ टक्क्यांवर नेलेली वाईन: पोर्ट, शेरी, मदेरा. त्यातही मदेराचा नंबर पहिला. साध्या जुन्या रेड उत्तम असतात, पण त्या थंडीत आणाव्यात आणि थंडीतच संपवाव्यात.

बाटल्या आल्या कुठून, तर बायकोच्या बहिणीचा मुलगा पोर्तुगालमधल्या पोर्तोला नोकरीला आहे. संक्रांतीला तो आणि सूनबाई आले. परदेशातून येताना माणशी २ लिटर मद्य शुल्क न भरता आणता येतं, म्हणजे दोघांचं ४ लिटर. भाच्याने ७५० मिलीच्या चार आणि ५०० मिलीच्या दोन बाटल्या आणल्या. हिशेब बरोबर ४ लिटर, थेंबभरही वर नाही. पावत्या हातात धरून विमानतळावर उभा होता म्हणे, कुणी विचारलंसुद्धा नाही. तोच माल इथे घ्यायचा तर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क, त्यावर राज्याचे कर, त्यावर दुकानदाराचा नफा. आणि एवढं करून सोलापुरात तो मिळत नाहीच. दुकानात पोर्ट मागितली की स्वस्तातली गोड लाल बाटली पुढे येते आणि वर "साहेब, लेडीज लोक नेतात" हे प्रमाणपत्र मिळतं.

माझ्याबद्दल एवढंच की मी डाईंग मास्तर. टर्किश टॉवेल आणि चादरींच्या प्रोसेस हाऊसमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे नाकाच्या आधी माझा डोळ्यावर विश्वास. शेड मॅच करायची तर उत्तरेच्या खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्यावर ठेवून. वाईनलाही मी तोच नियम लावला. टेबलावर ब्लीच केलेला कोरा टॉवेल पसरला, ग्लास त्यावर तिरका धरला, आणि मधला रंग एक, कडेचा रंग दुसरा अशी नोंद केली. गुण मात्र शंभरपैकी देत नाही. ९१ आणि ९२ यांत काय फरक असतो ते देणाऱ्यालाच ठाऊक. रंगाचा पक्केपणा तपासायला आमच्याकडे ग्रे स्केल असते, १ ते ५, ५ म्हणजे सर्वांत पक्का. मधलं काही असेल तर ४-५ असं लिहायचं. तेवढं पुरे.

चाखायला चौघं होतो. डॉक्टर, वकीलसाहेब, पूर्वभागातला माझा यंत्रमागवाला दोस्त आणि मी. भाचा वाढायला. बायकोने दोन बाटल्यांची चव घेतली, आणि तिचं मत आमच्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

पहिली बाटली फ्रान्समधल्या बोर्दोची रेड, नव्वदच्या दशकातली. तिचं नाव लिहीत नाही, कारण बिघाड बुचाचा होता आणि तो कुणाच्याही बाटलीत निघू शकतो. ग्लास नाकाशी नेताच पावसाळ्यातल्या बंद गोदामाचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास. याला कारण टीसीए नावाचं रसायन. बुचाच्या सालीत बुरशी आणि क्लोरीनची संयुगं एकत्र आली की ते तयार होतं, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी वाईनचा मूळ वास दाबून टाकतं. पिऊन अपाय होत नाही. डॉक्टरांना तर तो वास आलाच नाही, ते म्हणाले, "मला चांगली वाटतेय की." काही नाकांना तो उशिरा कळतो. बाकीची मी मोरीत ओतायला घेतली तेव्हा दोस्त कळवळला, "मास्तर, एवढी महागाची मोरीत ओतायलाव व्हय?" ओतली. गुण नाहीत.

दुसरी रिओहा, स्पेनची. ला रिओहा आल्ता यांची ग्रान रेसेर्वा ९०४, साल २०११. आरो गावातलं हे घराणं १८९० पासूनचं. ग्रान रेसेर्वा लिहायचं तर रिओहाच्या नियमाने वाईन एकूण ५ वर्षं मुरलेली हवी, त्यातली किमान २ ओकच्या पिंपात. हे लोक पिंपात ४ वर्षं ठेवतात, तेही अमेरिकन ओकमध्ये, आणि दर सहा महिन्यांनी एका पिंपातून दुसऱ्यात काढून गाळ मागे ठेवतात. बहुतेक द्राक्ष टेम्प्रानिलो, थोडं ग्रासियानो.

टॉवेलवर धरली तर मधे माणकाचा लाल, कडेला विटकरी. हा विटकरी कसा येतो ते सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या बाटल्यांचं गणित त्यावर आहे. आमचे जुने रंगारी सुती कापड रंगवण्याआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून घेत. रंग कापडाला धरावा म्हणून टॅनिन द्यायचं. हिरड्यातलं टॅनिन आणि द्राक्षाच्या साली-बियांतलं टॅनिन रसायनशास्त्रात वेगळ्या कुळांतली, पण जिभेवरचं काम एकच. लाळेतल्या प्रथिनांना पकडायचं आणि तोंड कोरडं पाडायचं. कोवळ्या रेडमध्ये हे टॅनिन आणि जांभळं रंगद्रव्य बरचसं सुटं असतं. वर्षं जातात तशी ती एकमेकांना धरतात, साखळ्या लांबतात, जड झाल्या की तळाला बसतात. म्हणून जुन्या बाटलीत गाळ सापडतो, जांभळ्याचा विटकरी होतो आणि तुरटपणा उतरतो. रंगाऱ्याला यात नवल नाही. कापडावर जे व्हावं म्हणून आम्ही धडपडतो तेच बाटलीत आपोआप होतं, फक्त शेड कुणाच्या ताब्यात नसते.

९०४चा वास सुरुवातीला नारळ आणि व्हॅनिलाचा. तो अमेरिकन ओकचा. दहा मिनिटांत तो मागे सरला आणि वाळलेलं आलुबुखार, पानपट्टीवरच्या उघड्या तंबाखूचा डबा, थोडं जुन्या चामड्याचं काहीतरी असं पुढे आलं. तोंडात हलकी. ज्यांना रेड म्हणजे घट्ट, काळीभोर असं वाटतं ते निराश होतील. आंबटपणा मात्र ताठ, आणि तुरटपणा इतका बारीक की शोधावा लागतो. वकीलसाहेबांना सगळ्यांत हीच आवडली. त्यांना चहासुद्धा पातळ लागतो.

एक सूचना. "रेड खोलीच्या तापमानाला प्यावी" हे जे सांगतात ते तिकडच्या थंड दगडी घरांचं तापमान, १६ ते १८ अंश. आपला दिवाणखाना जानेवारीतही दुपारी तिशीला टेकतो. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून मगच उघडा, नाहीतर दारूचा झणकाराच आधी नाकात जातो. दुसरी सूचना जेवणाची. आपल्या काळ्या मसाल्याच्या सुक्या मटणापुढे ही वाईन पहिल्या घासाला मेली. शेंगाचटणीपुढे तर विचारूच नका, तिखटावर अल्कोहोल नि टॅनिन म्हणजे आगीत तेल. घरात अळणी मटण बाजूला काढलेलं होतं, मीठ-हळद-आल्याचं, त्याच्याबरोबर जमली. गुण ४.

तिसरी बाटली सगळ्यांत महागाची, शंभर युरोच्या वरची: डाऊ घराण्याची व्हिंटेज पोर्ट, १९९४. त्या साली मी ऐन उमेदीत होतो आणि जर्मनीने काही अझो रंगांवर बंदी घातली होती. टॉवेलच्या निर्यातीत असलेल्या सगळ्यांची पळापळ झाली, जुन्या रेसिपी फाडून नव्या बसवाव्या लागल्या, रात्र रात्र लॅबमध्ये. त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिकडे डौरो नदीच्या उतारांवर ही द्राक्षं तोडली जात होती. बाटली हातात घेतल्यावर मला आधी रंगातल्या त्या नॅप्थॉल रसायनाचा वासच आठवला. वाईन बिचारीचा त्यात काही दोष नाही.

पोर्टची रीत अशी. द्राक्षं तुडवून रस आंबायला लागला की निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षमद्य ओतायचं. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, साखर राहते. डौरोच्या या प्रदेशाची हद्द पोर्तुगालच्या पोंबाल या मंत्र्याने १७५६ साली आखून दिली, आणि चांगल्या व्हिंटेजसाठी दगडी हौदांत पायांनी तुडवायची पद्धत काही घराण्यांत अजून आहे. व्हिंटेज पोर्ट दरवर्षी होत नाही. साल उत्तम असेल तरच घराणं ते जाहीर करतं, आणि १९९४ जवळजवळ सगळ्यांनी जाहीर केलं होतं. पिंपात दोनेक वर्षंच राहते, मग न गाळता बाटलीत भरतात. पुढचं सगळं म्हातारपण काचेत, हवेशिवाय.

न गाळता भरलेली म्हणजे गाळ भरपूर. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवली. बूच तीस वर्षांचं, मळसूत्री ओपनर लावला असता तर चुरा झाला असता. भाच्याने दोन पात्यांचा ओपनर आणला होता. पाती बुचाच्या दोन बाजूंनी सरकवायची आणि पिळत पिळत वर घ्यायचं. तरी तळाचा तुकडा मोडलाच. मग ओतताना मलमल. इथे माझं खातं आलं म्हणून सांगतो, नव्या मलमलीत खळ असते. ती साबण न लावता नुसत्या पाण्यात उकळून, दोनदा खंगाळून, सावलीत वाळवून मगच वापरावी. साबणाचा वास राहिला तर तीस वर्षांची मेहनत रिन होऊन जाते.

रंग बघून मी खिडकीशी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. तीस वर्षांपुढचा माल, तरी मधला लाल अजून पक्का, डाळिंबाच्या दाण्यांचा गडद लाल. फक्त कडेला बोटभर विटकरी. २०११ची रिओहा याहून फिकी होती. जाड सालीची द्राक्षं, तुडवून काढलेला भरपूर रंग, वरून कडक मद्य आणि साखरेची राखण, आणि हवेशी संबंध नाही. डाऊची पोर्ट बाकीच्यांपेक्षा कमी गोड असते, ती ख्याती खरी निघाली. पहिल्या तासाला गप्प होती, नुसती गरम आणि गोड. दोनेक तासांनी उघडली: काळी मिरी, कडू चॉकलेट, आंबटगोड करवंद, शेवटी तुरटपणा अजून जागा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तर पहिल्या दिवसापेक्षा बरी लागली. तिसऱ्या दिवशी फळ निघून गेलं आणि फक्त गोडवा उरला.

अडचण तीच आहे. ही बाटली दोन दिवसांत संपवावी लागते, आणि २० टक्क्यांची दारू दोन दिवसांत संपवायला माणसं लागतात. एकट्या-दुकट्याच्या घरात तिचं काम नाही. न उघडता ठेवायची म्हणाल तर तळघर पाहिजे. दोस्त म्हणाला, "माझ्या मागाच्या शेडात ठिवूया की." मे महिन्यात पत्र्याखाली. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. गुण ४-५.

चौथी पुन्हा पोर्टच, पण संसार वेगळा. ग्रॅहम्सची २० वर्षांची टॉनी. व्हिंटेज बाटलीत मुरते, टॉनी पिंपात. साधारण साडेपाचशे लिटरच्या लाकडी पिंपात हवा हळूहळू आत जाते, वाईन हळूहळू उडते, आणि लालाचा बदामी-नारिंगी होतो. २० म्हणजे त्यातला प्रत्येक थेंब वीस वर्षांचा असं समजू नका. वेगवेगळ्या वर्षांची मिसळ असते, आणि ती वीस वर्षांच्या टॉनीला शोभते की नाही हे पोर्तोची आयव्हीडीपी ही सरकारी संस्था चाखून ठरवते. मला ही पद्धत पटते. आमच्याकडेही लॉट पास होतो तो कागदावरच्या तारखेने नाही, मास्टर सॅम्पलशी लावून.

रंग तांबूस मधाचा, लाल नावालाच. वास संत्र्याची वाळलेली साल, भाजलेला अक्रोड, पंढरपूरचे चांगले बेदाणे. थंड प्यावी, १२-१४ अंशांना, तर गोडी चिकट होत नाही. बायकोने तिळाच्या वडीबरोबर घेतली आणि म्हणाली, "ही ठेवा. बाकीच्या बाटल्या लोकांना द्या." बेदाणे-काजूसोबत, जेवणानंतर, एवढा एवढा घोट. फ्रीजमध्ये उघडी बाटली महिनाभर टिकते, हा मोठा फायदा. घेताना मागच्या बाजूला बाटलीत भरल्याचं वर्ष छापलेलं असतं ते बघा आणि ताजं घ्या. टॉनीचं मुरणं पिंपातच संपलेलं असतं, बाटलीत ठेवून ती काही सुधारत नाही. गुण ४-५. पहिल्यांदा फोर्टिफाइड घेणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

पाचवी, लुस्ताऊची ओलोरोसो व्हीओआरएस, स्पेनमधल्या हेरेसची शेरी, ५०० मिली. रेड म्हणता येणार नाही, पालोमिनो या पांढऱ्या द्राक्षाची आहे, पण रंग सागवानाच्या जुन्या दाराचा. व्हीओआरएस म्हणजे सरासरी वय किमान ३० वर्षं, आणि हा दाखलासुद्धा तिथली नियामक संस्था चाखून आणि तपासून देते. हेरेसची रीत सोलेराची. पिंपांच्या ओळी, खालच्या ओळीतून थोडी वाईन भरायला काढायची, तिची जागा वरच्या ओळीने भरायची, तिची त्याच्या वरच्या. पिंप कधीच रिकामं होत नाही. दरवर्षी ३ ते ५ टक्के उडून जाते, म्हणून जे उरतं ते दाट.

टॉवेलवर तिरका ग्लास धरला आणि कडेला हिरवट झाक दिसली. खरीखुरी हिरवी, पिवळ्यातून सरकलेली. फार जुन्या पिंपांतल्या वाईनची ती खूण असते हे वाचलेलं होतं, पण बदामी रंगाच्या काठाला हिरवा टोन डोळ्यांनी बघितल्यावर मी बाकीच्यांना उठवून खिडकीशी आणलं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आम्हाला काही दिसत नाही." त्यांना शेडच दिसत नाही, त्याला मी काय करू.

वासाला गोड, काकवी आणि अक्रोड. तोंडात मात्र साखरेचा पत्ता नाही. ठणठणीत कोरडी, खारट शेपटी, घोट गिळल्यावर पाच मिनिटं तोंडात रेंगाळते. दोस्ताने ग्लास खाली ठेवला, "काढा आहे." मलाही पहिल्या घोटाला तसंच वाटलं. मग हुरडा आला. मंगळवेढ्याकडच्या शेतातला मालदांडीचा, आगटीतून काढलेला, गरम. चटणी बाजूला ठेवली, नुसता हुरडा आणि चार शेंगदाणे. इथे या वाईनला घर सापडलं. भाजक्या कोवळ्या ज्वारीची गोडी, शेंगदाण्याचं तेल आणि ही कोरडी खारट म्हातारी. दोस्ताने ग्लास परत उचलला. काही बोलला नाही, पण परत मागितली. हुरड्याच्या दिवसांपुरते गुण ५, एरवी ४.

सहावी, ब्लँडीजची १० वर्षांची ब्युआल, मदेरा बेटावरची, ५०० मिली, साधारण पंचवीस युरो. सहांतली सर्वांत स्वस्त.

मदेराची गोष्ट आपल्या बाजूची आहे. अटलांटिकमधलं हे पोर्तुगीज बेट, हिंदुस्थानाकडे आणि अमेरिकेकडे जाणारी जहाजं तिथे थांबत आणि पिंपं चढवत. उष्ण कटिबंध ओलांडताना ती पिंपं जहाजाच्या पोटात महिनोन्‌महिने भाजून निघत. लोकांच्या लक्षात आलं की वाईन बिघडत नाही, उलट सुधारते. मग मुद्दाम फेरी मारून आणलेली वाईन जास्त भावाने विकली जाऊ लागली. पुढे जहाजाचं काम घरी करायला लागले. स्वस्त मालाला टाकीत किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर तापवतात. चांगल्या मालाची पिंपं फुंशाल या तिथल्या शहरातल्या इमारतींत वरच्या मजल्यांवर, माळ्यावर, उन्हाने तापणाऱ्या छपराखाली वर्षानुवर्षं पडून असतात. या पद्धतीला कांतेइरो म्हणतात. ब्लँडी घराणं १८११ पासून यात आहे. आपल्या जुन्या घरांतली माळवदाखालची वरची खोली एप्रिलमध्ये आठवा. युरोपात वाईनची अशी काळजी घेणारे थोडेच.

म्हणजे जे जे बाकीच्या वाईनला मारतं ते हिला आधीच देऊन झालेलं असतं. उष्णता, हवा, वेळ. आता तिचं आणखी काय बिघडवणार?

रंग तांब्याच्या घासलेल्या भांड्याचा, कडेला पिवळा. वास चिंच-गुळाच्या जवळचा, त्यात संत्र्याची साल, जरा धुरकट, जरा लाकडाचं पॉलिश. दोस्ताने हुंगलं आणि विचारलं, "हे उकळलंय काय बे?" पहिल्यांदाच त्याचा अंदाज बरोबर होता. तोंडात गोड येते, आणि गोड आहे असं म्हणेपर्यंत आंबट तिला कापून काढतं. ब्युआल मध्यम गोड जात, माल्व्हसिया सर्वांत गोड, व्हर्देल्यो आणि सर्सियल कोरड्याकडे झुकलेल्या. पण आंबटपणाची धार चारही जातींत असते. म्हणूनच १९ टक्के असूनही जड वाटत नाही. दुसरा घोट घ्यावासा वाटतो. पोर्टचा मला नेहमी वाटत नाही.

खाण्याचं म्हणाल तर ही सगळ्यांशी जुळवून घेते. तीळगूळ, बेदाणे, अळणी मटणाचा रस्सा, इतकंच काय कडक भाकरीचा तुकडा लोण्यात बुडवून. शेंगाचटणीशी मात्र हिचंही जमत नाही. चटणीला ताकच.

आता पुरावा. भाच्याने मागच्या खेपेला हीच बाटली आणली होती आणि तिची तिसरा हिस्सा शिल्लक होती. ती मी मुद्दाम फ्रीजमध्ये ठेवली नाही. बूच लावून, उभी, वरच्या खोलीतल्या कपाटात, अख्खा उन्हाळा. त्याच कपाटात एक साधी, न उघडलेली रेड होती. तिचं बूच उष्णतेने वर सरकलं, मानेवरून चिकट ओघळ आला, आणि उघडली तेव्हा शिजवलेल्या जांभळाचा आणि व्हिनेगरचा वास. मदेराची जुनी आणि नवी बाटली मी तिघांना न सांगता दोन ग्लासांत दिली. वकीलसाहेबांनी जुनीला पसंती दिली, डॉक्टरांना फरक कळला नाही, दोस्ताने बरोबर ओळखलं: "ह्याचा वास थोडा उतरलाय." मलाही तेवढाच फरक जाणवला, संत्र्याची साल जरा पुसट. आंबटपणा, शेपटी, रंग, सगळं जागेवर. वापरलेला, धुतलेला, उन्हात वाळवलेला नमुना कोऱ्या नमुन्याशी लावून असा निघाला तर आम्ही डोळे मिटून पास करतो. गुण ५, तेही बारा महिने, सहांत एकच.

बसल्या बसल्या दोस्ताने विचारलंच, की मग आपल्याकडे का नाही होत? ऊन फुकट आहे, द्राक्षं नान्नजची, सोनाका तर जगभर गेली. अडचण द्राक्षाचीच आहे. सोनाका खाण्याचं द्राक्ष. लांबट, बिनबियांचं, पातळ सालीचं, साखरेला भरपूर. लांबच्या बाजारात गिऱ्हाईक जे मागतं तेच त्यात आणलेलं आहे. बिया नाहीत, साल पातळ, म्हणजे टॅनिन आणि रंग येणार कुठून? आणि मदेराचा जीव त्या धारदार आंबटपणात. तो पिकून गोड झालेल्या आपल्या द्राक्षात मावत नाही. त्याचा बेदाणाच चांगला. दोस्ताला हे पटलं नाही. तो अजून त्याच्या शेडच्या पत्र्याचा विचार करतोय.

कुणाला घ्यायची असेल तर माझा सल्ला. कुणी बाहेरून येणार असेल तर त्याला साध्या जुन्या रेडची फर्माईश करू नका. प्रवासात हलते, गाळ मिसळतो, आठवडाभर विसावा द्यावा लागतो, आणि मग बूच खराब निघालं तर परत करायला दुकान हजारो किलोमीटरवर. अगदी हवीच असेल तर रिओहाची ग्रान रेसेर्वा मागवा. ती घराण्याने आपल्या तळघरात मुरवूनच बाजारात सोडलेली असते, तुमच्याकडून मुरवण्याची अपेक्षा नसते. टॉनी आणि शेरी उघडल्यावर फ्रीजच्या दारात, उभ्या. मदेरा कुठेही, फक्त आडवी नको, कडक आंबट मद्याने बूच खराब होतं.

भाच्याला पुढच्या खेपेची यादी देऊन ठेवली आहे. ४ लिटरमध्ये ५०० मिलीच्या आठ बाटल्या बसतात: सहा मदेरा, त्यात एक सर्सियल आणि दोन व्हर्देल्यो आवर्जून, आणि दोन ओलोरोसो, त्या हुरड्याच्या आत पोचल्या तरच. व्हिंटेज पोर्ट यादीत नाही. ज्याला ती हवी त्याने आधी वाटेकरी जमवावेत आणि बाटलीचे पैसे आगाऊ द्यावेत. वकीलसाहेबांनी आपला वाटा कबूल केला आहे, पैसे अजून दिलेले नाहीत.